शेरीच्या बाटलीतला धूर

१

मालकीणबाईंनी पेल्यावरची काच उचलली, नाक आत घातलं आणि पेला होता तिथे परत ठेवून दिला.

“यात धूर आहे,” त्या म्हणाल्या.

खोलीत आम्ही पाचजण होतो. कुणी हललं नाही. बाहेर अंगणात रिकामं पिंप लोळवत नेल्याचा गडगडाट चालला होता, तोही त्याच क्षणी थांबला असं मला अजून वाटतं. साठ वर्षं झाली या गोष्टीला. काल कुणाशी काय बोलले ते आठवत नाही, पण त्या सकाळचे पेले कुठल्या क्रमाने मांडले होते ते मी आजही सांगेन.

आमची पेढी स्कॉटलंडहून सिंगल माल्ट व्हिस्कीची पिंपं मागवून इथे बाटल्यांत भरायची. आमच्याकडे दोनच जाती. एक धुराची: तिकडे दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवतात, पीट म्हणतात तिला, ती जाळून तिच्या धुरावर बार्ली सुकवली की तो धूर दारूच्या हाडात बसतो. दुसरी शेरीची: ज्या पिंपात आधी शेरी नावाची वाइन होती, त्यात वर्षानुवर्षं मुरलेली, गडद, मऊ, सुक्या फळांची. दोघी जावाच म्हणा ना. एका छपराखाली नांदायच्या, पण एकीचा पदर दुसरीला लागला की घरात भांडण.

आणि त्या पेल्यात तर ‘मूळ नमुना’ होता. मालकीणबाईंच्या वडिलांनी आणलेल्या पहिल्यावहिल्या शेरीच्या पिंपातली उरलेली एकच बाटली. दरवर्षी नवी पिंपं निवडायची वेळ आली की आधी तिच्यातले चार थेंब चाखायचे, जिभेला घरची चव दाखवायची, आणि मग नव्या नमुन्यांना हात लावायचा. त्या बाटलीत धूर असणं म्हणजे देवघरात चप्पल सापडणं.

चाखायचं काम मास्तरांचं. चाळीस वर्षं त्यांच्या नाकावर पेढी चालली होती. ते वास घेऊन बोलायचे आणि मी लिहून घ्यायची. मला ते ‘लेखणी’च म्हणत. त्या दिवशीही मालकीणबाईंच्या आधी त्यांनी पेला हुंगला होता आणि मला सांगितलं होतं, “लिही, लेखणी. सुकी अंजिरं. अक्रोडाची साल. जुनी चामड्याची पेटी. शेवटी किंचित लवंग.”

खरं सांगायचं तर पेल्यात ओतताना माझ्याही नाकाला काहीतरी लागलं होतं. पण मास्तर अंजीर म्हणाले आणि मी अंजीर लिहिलं.

आता मास्तरांनी पेला परत उचलला. बराच वेळ नाकाशी धरला.

“हो,” ते हळू म्हणाले. “धूर आहे.”

“मग आत्ता लिहून दिलंत त्यात कुठे होता?” मालकीणबाईंच्या जावयाने विचारलं.

मास्तरांनी पेला खाली ठेवून त्यावर काच झाकली. त्यांना धक्का बसला असेल असंच सगळ्यांना वाटलं.

बाटल्या भरणाऱ्या बुचकाकांनी बाटली खिडकीशी नेऊन पाहिली. बाटलीवर मी कागदाची पट्टी चिकटवून दारूची पातळी पेन्सिलीने मांडत असे. आज काढलेले थेंब सोडले तर पातळी रेघेला रेघ जुळत होती.

“म्हणजे प्यायला तेवढी परत भरून ठेवली,” जावई म्हणाला. “हुशार चोर आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे असते?”

 उत्तर द्यायची गरजच नव्हती. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला होती आणि चौघेही तिच्याकडेच बघत होते.

२

“शनिवारी दुपारी बारापर्यंत,” मालकीणबाई मला म्हणाल्या होत्या. “खरं काय ते मला कळलं पाहिजे. नाहीतर किल्ली टेबलावर ठेव आणि जा. शिफारसपत्र मागू नकोस.”

चोरीचा ठपका आणि हातात पत्र नाही, अशा चोवीस वर्षांच्या मुलीला त्या गावात कोण उभं करणार होतं? आईवडील नव्हते. मी आत्याकडे राहायचे. घरी आले ती तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले.

आत्या नाक-कान-घशाच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाली होती, पण सवय गेली नव्हती. रडणाऱ्या माणसाचीही नाडी बघायची. मनगट सोडून म्हणाली, “बरं. रडून झालं असेल तर क्रमाने सांग. आणि ‘बिचारे’, ‘मेला’, ‘दुष्ट’ हे शब्द वगळून सांग.”

मी सांगितलं. दारूच्या थेंबाला तिने जन्मात स्पर्श केला नव्हता, त्यामुळे ती लहान मुलासारखे प्रश्न विचारत होती.

“पेले निळे का?”

“रंग दिसू नये म्हणून. शेरीची गडद असते. मास्तर म्हणतात, रंग दिसला की नाक डोळ्याचं ऐकतं.”

“आधी कुठली चाखता?”

“नेहमी शेरीची आधी, धुराची मागून. धूर एकदा जिभेवर बसला की उठत नाही. मग शेरी कळत नाही.”

“नेहमी? कधीच उलटं नाही?”

“चाळीस वर्षांत नाही.”

“हं. ती बाटली शेवटची कधी उघडली होती?”

“सहा आठवड्यांपूर्वी. दारू निम्म्याखाली गेली की लहान बाटलीत काढतात. वर मोकळी हवा राहिली की ती वास खाते. मास्तरांनी माझ्याकडून किल्ली घेतली, दार लावून घेतलं, अर्ध्या तासात नवी बाटली माझ्या हातात दिली. मी पट्टी चिकटवली. त्यानंतर कपाट उघडलं ते आजच.”

“आणि तू चोरून प्यायलीस का?”

“आत्या!”

“वॉर्डात सगळ्यांना विचारायचे मी. डॉक्टरांनासुद्धा.” ती उठली आणि खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात चष्मा, रुमाल आणि टोपलीतलं एक संत्रं टाकलं. “उद्या मी तुझ्याबरोबर येते.”

“तुला कोण आत घेईल?”

“बघू. पण मला एक सांग. तुझ्या चोराने शेरीची दारू पळवली आणि तिच्या जागी धुराचीच का गं ओतली?”

३

पेढीच्या दारात मालकीणबाईच समोर आल्या. आत्याकडे बघून थबकल्या.

“सिस्टर? माझ्या नाकाचं हाड कापलं तेव्हा रात्रभर हात धरून बसला होतात त्या?”

“तुम्हीच धरला होतात. माझी बोटं दोन दिवस दुखत होती.”

मालकीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “ही तुमची भाची? मग मला वाईट वाटतं. पण उद्या बारा म्हणजे बारा.”

“चालेल. तोवर मी चार माणसांशी बोलले तर हरकत नाही ना?”

पहिले बुचकाका. तळघरात बसून ते बुचं निवडत होते. हाताला तीनच बोटं शिल्लक, पण बूच दाबून त्याच्या पोटात काय आहे ते सांगायचे. त्या दिवशी उजव्या मनगटाला पट्टी होती.

“हे कधीचं?” आत्याने विचारलं.

“मोडलं होतं, बाई. दोन महिने झाले. आता बरं आहे, पाण्यात घातलं की ठणकतं.”

“तुम्ही पिता का?”

“पितो की.” बुचकाकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. “ही पोर सोडून सगळे पितात इथे. पण मूळ नमुन्याला हात लावीन होय? आणि शेरीची मला मिळमिळीत लागते. आपल्याला धुराची. घशातून उतरताना सांगून उतरली पाहिजे.”

“म्हणजे धुराची लपत नाही?”

“लपते कसली! खोलीच्या या टोकाला बूच काढलं की त्या टोकाला कुत्रं शिंकतं.”

भिंतीला तपकिरी रंगाच्या लहान बाटल्यांची उतरंड होती. प्रत्येकीला बूच लावलेलं. आत्याने एक उचलून हलवली. आत काहीतरी खळखळलं.

“या रिकाम्या ना?”

“जुन्या नमुन्यांच्या. तळाला घोट-दोन घोट राहतात.” बुचकाका जरा ओशाळले. “एरवी मी धुऊन, वाळवून, उलट्या ठेवतो. मनगट मोडलं तेव्हापासून तशाच रचल्या. लेबलं काढली तेवढी. कुणी घेतलीच तर मास्तर घेणार, आणि त्यांचं काय, बूच काढून एकदा हुंगलं की धुतलेली-न धुतलेली, धुराची-शेरीची, सगळं कळतं. ते बाटली डोळ्याने नाही, नाकाने निवडतात.”

“तुम्ही त्यांना सांगितलं होतं, धुतलेल्या नाहीत म्हणून?”

“मास्तरांना? सूर्याला सांगायचं का, आज ऊन आहे म्हणून?”

आत्याने बाटली खाली ठेवली. जिन्यात मी तिला म्हटलं, “यांनी नाही केलं. तो जावईच असणार.”

“का?”

“त्याला चाखायची खोलीच बंद करायची आहे. म्हणतो, तयार बाटल्या मागवा, नाकाची भानगड कशाला.”

“मग तर त्याच्याशी बोललंच पाहिजे,” ती म्हणाली. जावई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता, आणि त्याने आमचं सगळं ऐकलं होतं.

४

“या, गुप्तहेर बाई,” तो म्हणाला. “मीच चोर. हातकड्या आणल्यात का?”

“पिशवीत जागा नव्हती,” आत्या म्हणाली. “संत्रं आहे.”

तो हसला. माणूस वाईट नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा मला त्याचे बूटसुद्धा आवडत नसत.

“मला खोली बंद करायची आहे, खरंय. आणि का ते सांगतो. मास्तर थकलेत. सासूबाईंना दिसत नाही, मला दिसतं. पूर्वी मी साबण लावून अंघोळ करून आलो तरी खोलीबाहेर काढायचे. अत्तर, फूल, तेल, काही चालायचं नाही. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या वाढदिवसाला लिलीचा एवढा मोठा गुच्छ घेऊन मी थेट चाखायच्या खोलीत शिरलो. म्हटलं आता बोलणी खातो. तर म्हणतात, ‘वा, रंग छान आहे.’”

“रंग म्हणाले?”

“रंगच. नेम चुकतो आता म्हाताऱ्याचा.”

मला त्याचा राग आला, पण त्याच वेळी काहीतरी आठवलं. हिवाळ्यानंतर मास्तर एकदा शाल पांघरून आले होते आणि शालीला डांबराच्या गोळ्यांचा उग्र दर्प होता. पेले मांडताना माझे डोळे चुरचुरत होते. म्हातारपणी माणूस विसरतो, म्हणून मी खिडकी उघडली आणि गप्प बसले. ते मी आत्याला सांगितलं.

 “तुझी वही दाखव,” एवढंच ती म्हणाली.

वही माझा अभिमान होता. माझ्या आधीच्या कारकुनाची दहा वर्षं आणि माझी तीन. दरवर्षी पहिल्या पानावर मूळ नमुना. आत्या बोट ठेवून वाचत गेली. ‘यंदा अंजीर मागे, अक्रोड पुढे.’ ‘चामडं आहे, पण नवं, पेटी कुणीतरी पुसली.’ ‘लवंग नाही. लवंग कुठे गेली?’ बाटलीचं वय बदलत होतं तसे मास्तरांचे शब्द बदलत होते. एखाद्या लांबच्या नातेवाइकाला दरवर्षी भेटून आल्यासारखं ते लिहवून घेत.

शेवटची दोन पानं तिने शेजारी धरली. गेल्या वर्षीचं, आणि कालचं.

सुकी अंजिरं. अक्रोडाची साल. जुनी चामड्याची पेटी. शेवटी किंचित लवंग.

एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता.

“बाटली वर्षभरात जराही बदलली नाही म्हणायची,” मी म्हटलं. बोलता बोलताच मी आधीची पानं परत उलटली.

आत्याने वही मिटली. “मास्तर कुठे बसतात?”

५

चाखायची खोली उत्तरेच्या बाजूला होती. पांढऱ्या फरशीचं टेबल, पाण्याची सुरई, थुंकायला पितळी तस्त. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. आत्याने नमस्कार केला आणि त्यांच्या मागची खुर्ची ओढून बसली.

“मला यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “धूर आणि शेरी ओळखायची कशी, जरा शिकवाल?”

मास्तरांना शिकवायला फार आवडे. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बाहेर बघत बोलायला लागले. “धूर सगळ्यांना कळतो, बाई. त्यात मोठेपणा नाही. कुठला धूर ते कळायला हवं. समुद्रकाठचा असेल तर दोरखंड, मीठ, दवाखाना. डोंगरातला असेल तर नुसती राख. शेरी लाजरी. तिला बोलतं करावं लागतं. दोन थेंब पाणी घालायचं, काच झाकायची, आणि आपण दुसरीकडे बघायचं...”

माझ्या नाकाला काहीतरी झोंबलं. मी वळले. आत्या संत्रं सोलत होती.

त्या खोलीत! सालीचे तुषार उडत होते, उन्हात दिसत होते. एका मिनिटात सगळी खोली संत्र्याने भरली. एरवी कुणी असं केलं असतं तर मास्तरांनी पेला फेकून मारला असता. मी तोंडावर हात ठेवला.

मास्तर बोलतच होते. “...मग ती हळूच अंजीर पुढे करते. घाई केली तर नाही.”

“मास्तर,” आत्या फार मऊ आवाजात म्हणाली, “ताप कधी आला होता?”

ते थांबले. वळले. तिच्या मांडीवरच्या सालींकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पकडल्यासारखा नव्हता तो. ओझं कुणी हातातून घ्यावं तसा होता.

“हिवाळ्यात,” ते म्हणाले. “आठ दिवस. उतरला, आणि बरोबर घेऊन गेला.”

“काहीच कळत नाही?”

“झोंबतं ते कळतं. जिभेला गोड-कडू कळतं. वास नाही. बायकोच्या हातची कॉफी नाही, पाऊस नाही, काही नाही.” ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते. “पेल्यांचा क्रम ठरलेला. आधी शेरी, मग धूर. म्हणून निभावलं. बाकी आठवणीतून बोलत होतो.”

“आणि ती बाटली?”

“उतरंडीतून घेतली. हुंगल्यासारखं केलं. सवय, दुसरं काय. धुतलेलीच असणार म्हटलं.” त्यांनी डोळे मिटले. “तपकिरी काच. तळाला कुणाचे घोट होते ते दिसलं नाही. मालकीणबाईंनी ‘धूर’ म्हटलं तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलो ते. त्यांच्या वडिलांची शेवटची बाटली.”

“तेव्हा का नाही बोललात?” मी ओरडलेच. “माझ्यावर आळ आला!”

“लेखणी, नाक गेलेला चाखणारा म्हणजे काय ते तुला...” ते परत खिडकीकडे वळले.

बाहेर येताच मी आत्याचा हात धरला. “चल. मालकीणबाईंना सांगू.”

आत्या जागची हलली नाही. “नाही.”

“नाही म्हणजे?”

“आजारी माणसाचं गुपित एकतीस वर्षांत मी फोडलं नाही. तुझ्यासाठीसुद्धा फोडणार नाही. तूही फोडायचं नाहीस. सांगायचं तर त्यांनी सांगायचं.”

“आणि त्यांनी नाही सांगितलं तर?”

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शनिवार उद्या होता, पण मालकीणबाईंना दुसऱ्या दिवशीपर्यंत धीर नव्हता. त्यांनी शिपायाकडून निरोप धाडला होता: सिस्टरचं बोलून झालं असेल तर सगळ्यांनी आत्ताच यावं.

६

चाखायच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मालकीणबाई आणि जावई, दुसऱ्या बाजूला बुचकाका. मास्तर दाराशी उभे. मी गळ्यातली किल्ली काढून मुठीत धरली होती.

“चोरी झालेलीच नाही,” आत्याने सुरुवात केली.

“पुरावा?” जावई म्हणाला.

“तुमचाच. तुम्ही म्हणालात, चोर हुशार. प्यायला तेवढी भरून ठेवली. आता हुशार चोर शेरीच्या बाटलीत काय भरेल? खाली तळघरात शेरीची कितीतरी पिंपं आहेत. त्यातलं काहीही भरलं असतं तर तुमच्यातल्या किती जणांना कळलं असतं?”

“मला नसतं कळलं,” मालकीणबाईंनी कबूल केलं.

“तो मात्र भरतो काय, तर धुराची. जी या खोलीतून त्या खोलीत कुत्र्याला शिंकायला लावते. मी पंधरा मिनिटांत तुमच्या घरात एवढं शिकले, तर इथे काम करणाऱ्याला ते माहीत नसेल? चोर माहीतगार असेल तर धुराची भरणार नाही. माहीतगार नसेल तर त्याला कपाटच उघडता येणार नाही. म्हणजे चोर नाही. चूक आहे.”

“चूक कधी झाली मग?”

“पातळी सहा आठवडे हलली नाही. म्हणजे नंतर कुणी हात लावला नाही. जे झालं ते दारू लहान बाटलीत काढताना झालं. बाटली न धुतलेली होती, तळाला धुराचे घोट होते. बुचकाकांचं मनगट मोडलं होतं.”

बुचकाका ताडकन उठले. “पण मास्तर हुंगल्याशिवाय बाटली घेत नाहीत!”

“हो,” आत्या म्हणाली आणि थांबली.

ती थांबली ती थांबलीच. मालकीणबाई तिच्याकडे बघत होत्या. “मग? धुराची बाटली मास्तरांच्या हातून गेलीच कशी?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“सांगता येणार नाही की सांगायचं नाही?” जावई हसला. “बघा, सासूबाई. भाचीपर्यंत आलं की सिस्टरांचा घसा बसतो.”

मी किल्ली टेबलावर ठेवली. टेबलाच्या फरशीवर तिचा टणकन आवाज झाला. तोंड मात्र मिटलेलं होतं, याचा मला आज या वयातही अभिमान आहे.

“उचल ती,” मागून मास्तर म्हणाले.

ते पुढे आले. टेबलाची कड धरली. “मला वास येत नाही, बाई. दहा महिने झाले. बाटली मी घेतली, मी भरली, मी नासवली. आणि या पोरीवर आळ आला तेव्हा गप्प बसलो. पहिली गोष्ट नशिबाची. दुसरी माझी.”

 बुचकाका खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मालकीणबाईंचा आवाज आला तेव्हा तो कठोर होता. “दहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर बाबांची बाटली राहिली असती.”

“हो.”

“मी तुम्हाला घालवलं असतं असं वाटलं?”

“मला मीच घालवलं असतं.”

“आता खोली बंद करू,” जावई म्हणाला, पण हळू. “नऊ नमुने पडलेत. स्कॉटलंडला उद्या तार करायची आहे, कुठलं पिंप घेतो म्हणून. कोण ठरवणार?”

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. “तुला त्या दिवशी ओतताना काही कळलं होतं का? खरं सांग.”

“धूर कळला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“मास्तर अंजीर म्हणाले.”

त्या बुचकाकांकडे वळून म्हणाल्या, “नऊ पेले ओता. झाकून. आणि क्रम लावू नका, कसेही मांडा.”

मला खुर्चीवर बसवलं. ती मास्तरांची खुर्ची होती. ते माझ्या शेजारी उभे राहिले. मी पहिली काच उचलली आणि मला एकही शब्द सुचेना. वही लिहिताना हजार शब्द माझ्या हाताखालून गेले होते, आता एकही जवळ येईना.

“शब्द शोधू नकोस,” मास्तर म्हणाले. “कुठे गेल्यासारखं वाटतं ते सांग.”

“आत्याच्या वॉर्डात. पट्ट्या, आयोडीन. आणि बाहेर कुणीतरी ओली दोरी टाकलीय.”

“धुराची. समुद्रकाठची भट्टी. पुढे.”

दुसरीला मी मनुका म्हटलं, तिसरीला कपाट पुसायचं मेण. दोन्ही शेरीच्या निघाल्या. चौथीत नुसती राख होती. जावई खुर्ची पुढे ओढून बसला होता. आपल्या हाताने तो यादीवर खुणा करत होता.

पाचव्या पेल्याशी मी अडखळले. “यातही धूर आहे. पण मनुकाही आहेत. दोन्ही.”

“ते पिंप शेरीचंच आहे,” जावई म्हणाला. “सगळ्यांत जुनं. मी तेच घ्यायचं म्हणत होतो. चुकली ही.”

मी पेला ठेवून द्यायला लागले. मास्तर माझ्या कानाशी वाकले. “घाई नको. कुठला धूर? चुलीचा? विडीचा? दिव्याचा?”

मी डोळे मिटले आणि परत आत गेले. मनुकांच्या मागे ते होतं. बारीक, टोचरं, नाकाच्या शेंड्याला लागणारं.

“काडी,” मी म्हटलं. “काडी पेटवून फुंकर मारल्यावरची.”

मास्तर सरळ उभे राहिले. दहा महिन्यांत त्यांचा तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. “तो धूर नव्हे. गंधक आहे. रिकामं पिंप टिकावं म्हणून आत गंधकाची वात जाळतात. कुणीतरी हात सैल सोडलाय. बाटलीत भरलं की वर्षभरात कुजक्या अंड्यासारखं होईल. हे पिंप घेऊ नका, बाई.”

जावयाने स्वतः पेला उचलून हुंगला. पुन्हा हुंगला. मग काही न बोलता यादीवर त्या पिंपासमोर फुली मारली.

मालकीणबाईंनी पदराने डोळे टिपले, किल्ली उचलून माझ्या गळ्यात अडकवली, आणि बुचकाकांना म्हणाल्या, “अहो, बघता काय? मास्तरांना खुर्ची द्या. अजून चार पेले राहिलेत.”